लक्ष्मणराव किर्लोस्कर : सायकलच्या दुकानातून उभा राहिलेला कारखानदार



आज एक चरित्र सांगायचं आहे आणि सोबत एक दुरुस्तीही. चरित्र लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचं. दुरुस्ती आहे सायकलच्या घसरणाऱ्या सीटची. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. पण ज्या नावाचे पंप आणि इंजिनं आपण शेतात पाहतो, त्या नावाच्या उद्योगाची सुरुवात एका सायकलच्या दुकानातून झाली आहे. शाळेत उद्योगपतींचे पाठ शिकवताना आपण शेवटचा मोठा कारखाना दाखवतो आणि ते छोटं दुकान दोन ओळींत संपवतो. मला मात्र वाटतं, मुलांनी आधी ते दुकान पाहायला हवं.

आधी आपल्या अंगणातली सायकल पाहा. सकाळी सीट नीट उंच असते. शाळेत पोचेपर्यंत ती चार बोटं खाली बसते. मूल गुडघे पोटाशी घेऊन पॅडल मारतं, मांड्या दुखतात, चढ आला की उतरून ढकलत नेतं. मग आपण काय करतो? पकड आणतो, सगळा जोर लावून बोल्ट आवळतो. दुसऱ्या दिवशी सीट पुन्हा खाली. पुन्हा आवळतो. एक दिवस बोल्टचे आटे जातात आणि सायकल भिंतीला टेकून राहते. ज्या गावात शाळा तीन-चार किलोमीटर लांब आहे तिथे सायकल भिंतीला टेकली की पुढे काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. विशेषतः मुलींच्या बाबतीत. हजेरीपटावर दिसतंच ते.

आता लक्ष्मणरावांकडे येऊ.

बालपण आणि शाळा

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार होते. मराठी संगीत रंगभूमीचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. मुलं दोन्ही नावांत नेहमी गोंधळ करतात, म्हणून वर्गात हे आवर्जून सांगा. अण्णासाहेब नाटकाचे, लक्ष्मणराव यंत्रांचे.

लक्ष्मणरावांना शालेय अभ्यासात फारसा रस नव्हता. त्यांना दोन गोष्टी आवडत. एक चित्र काढणं आणि दुसरी यंत्रं. विद्वान घरातल्या मुलाने चित्रं काढावीत आणि लोखंडाच्या वस्तूंत रमावं हे त्या काळात कुणाला रुचणार? वडिलांनाही ते पसंत नव्हतं. पण थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामुअण्णा, पाठीशी उभे राहिले. पुढे आयुष्यभर ते तसेच उभे राहिले. एखाद्या मुलाच्या मागे घरातलं एक जरी माणूस ठाम असलं तर काय होऊ शकतं, याचं हे उदाहरण आहे. पालकांनी इथे क्षणभर थांबून विचार करावा.

मुंबई आणि रंगांची अडचण

१८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. आवडीचं शिक्षण मिळालं, दोन वर्षं झाली आणि मग एक गोष्ट लक्षात आली. त्यांना काही रंग नीट ओळखू येत नव्हते. अंशतः रंगांधळेपणा होता. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणासाठी याहून मोठा धक्का कोणता?

इथे दोन वाटा होत्या. एक, जिद्द म्हणून रंगकामच रेटत राहायचं. दुसरी, नेमकं काय जमत नाही आणि काय जमतं ते वेगळं करून पाहायचं. लक्ष्मणरावांनी दुसरी वाट धरली. रंग जमत नव्हते, पण रेषा उत्तम जमत होती. हात स्थिर होता, मापाची जाण होती. त्यांनी चित्रकला सोडली आणि यंत्रांची रेखाटनं करण्याचं शिक्षण चालू ठेवलं. त्याच जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, जिला आपण व्हीजेटीआय म्हणून ओळखतो, त्यांना यांत्रिक रेखाटन शिकवण्याची नोकरी मिळाली. म्हणजे तेही आपल्यासारखे शिक्षकच होते! कागदावर रेखाटन शिकवता शिकवता त्यांनी तिथल्या कार्यशाळेत यंत्रांचा अभ्यास केला. कोणता भाग कशाला जोडलेला आहे आणि का फिरतो, हे हात काळे करून समजून घेतलं.

सायकलचं दुकान

याच काळात मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. आज आपल्याला त्यात नवल वाटणार नाही, पण काळ लक्षात घ्या. दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी, आजच्यासारखी दिसणारी सायकल इंग्लंडमध्ये १८८५च्या सुमारास बाजारात आली. हवा भरलेल्या टायरचं पेटंट डनलॉप यांनी १८८८ साली घेतलं. आणि त्याच १८८८ साली बेळगावात 'किर्लोस्कर ब्रदर्स' या नावाने सायकलचा व्यवसाय सुरू झाला. म्हणजे जगात जी वस्तू अगदी नवी होती, तिचं दुकान दोघा भावांनी बेळगावात थाटलं.

व्यवस्था साधी होती. लक्ष्मणराव मुंबईत नोकरी करत आणि तिथून सायकली घेऊन बेळगावला पाठवत. रामुअण्णा त्या विकत आणि विकत घेणाऱ्याला चालवायलाही शिकवत. विचार करा, ज्या गावात कुणी सायकल पाहिलेली नाही तिथे नुसती विकून कसं भागेल? बसायचं कसं, तोल कसा सांभाळायचा, हे शिकवावंच लागणार. विक्री आणि शिकवणी एकत्र.

पुढे नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून दुसऱ्याला ती जागा देण्यात आली. त्यांनी नोकरी सोडली, बेळगावला आले आणि पूर्णवेळ दुकानात लक्ष घातलं. विक्रीबरोबर दुरुस्ती होतीच. त्या दुकानाची आठवण म्हणून बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे. बेळगावच्या वाचकांना तो ठाऊकच असेल.

दुरुस्ती म्हणजे काय हे नुसतं सांगून मुलांना कळत नाही. म्हणून चरित्र इथे थोडं थांबवू आणि एक दुरुस्ती प्रत्यक्ष करू. ती झाली की पुढचं चरित्र जास्त चांगलं समजेल, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

चला, घसरणारी सीट नीट करू

साहित्य : योग्य मापाचा पाना किंवा ॲलन की, जुनं सुती कापड, थोडं रॉकेल, बारीक पॉलिश पेपर, खडू किंवा चिकटपट्टी.

आधी रचना समजून घ्या. सीटच्या खाली एक दांडा असतो. तो फ्रेमच्या उभ्या नळीत जातो. नळीच्या तोंडाशी एक उभी चीर असते आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना दोन कान. बोल्ट आवळला की कान जवळ येतात, नळीचं तोंड लहान होतं आणि दांडा दाबून धरला जातो. काही सायकलींना कान नसतात, त्याऐवजी वेगळी गोल पट्टी असते. तत्त्व तेच. बोल्ट स्वतः दांडा धरत नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. दांडा धरून ठेवतं ते दोन पृष्ठभागांमधलं घर्षण. बोल्टचं काम फक्त दाब देण्याचं.

एवढं समजलं की दुरुस्तीचे प्रश्न आपोआप सुचतात. दाब कमी पडतोय का? की दाब आहे, पण घर्षण नाही?

१. आधी योग्य उंची ठरवा. मुलाला सीटवर बसवा, सायकल धरून ठेवा. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. दांड्यावर तिथे खूण करा. अगदी नवशिक्या मुलाचे पाय मात्र जमिनीला टेकले पाहिजेत, त्याची सीट खालीच ठेवा.

२. बोल्ट सैल करा आणि दांडा पूर्ण बाहेर काढा. बहुतेक लोक इथेच चुकतात. ते दांडा काढतच नाहीत, नुसते आवळतात.

३. दांडा पाहा, हात लावून पाहा. तेलकट आहे का? साखळीला तेल देताना किंवा कुणीतरी सीटला ग्रीस लावल्यामुळे तो बुळबुळीत झालेला असतो. रॉकेलच्या बोळ्याने दांडा पुसा. नळीच्या आतूनही काठीला कापड गुंडाळून पुसा. मग कोरड्या कापडाने स्वच्छ करा. निम्म्याहून जास्त सायकलींची तक्रार इथेच मिटते, असं मला आमच्या शाळेतल्या सायकलींवरून वाटतं.

४. गंज असेल तर पॉलिश पेपरने घासा. दांडा अगदी गुळगुळीत झाला असेल तर जिथे तो पकडला जातो तेवढ्याच भागावर आडवा पॉलिश पेपर हलकासा फिरवा. खरखरीतपणा आला की घर्षण वाढतं.

५. आता ते दोन कान पाहा. बोल्ट आवळल्यावर कान एकमेकांना टेकतात का? टेकत असतील तर तुम्ही कितीही जोर लावा, दांड्यावर दाब वाढणारच नाही. सगळा जोर कानांवर जातो. बाहेरून बोल्ट घट्ट, आतून दांडा सैल! याचा अर्थ दांडा नळीपेक्षा बारीक आहे. कुणीतरी दुसऱ्या मापाचा बसवला असेल. बऱ्याच दांड्यांवर त्याचं माप मिलिमीटरमध्ये कोरलेलं असतं, २५.४ किंवा २७.२ असं. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही सीट घसरायला पुरतो.

६. फरक अगदी थोडा असेल तर थंड पेयाच्या रिकाम्या डब्याचा पातळ पत्रा कामाला येतो. दीड-दोन इंच रुंदीची पट्टी कापा, दांड्याभोवती एकच वेढा बसेल एवढी. टोकं एकमेकांवर चढू देऊ नका. वरची कड किंचित बाहेर दुमडा म्हणजे पट्टी नळीत खाली सरकणार नाही. पट्टीची फट आणि नळीची चीर एका रेषेत ठेवा. पत्रा धारदार असतो, तो मोठ्यांनीच कापायचा. फरक जास्त असेल तर पट्टीच्या नादी न लागता योग्य मापाचा दांडा आणणंच बरं.

७. बोल्टचे आटे तपासा. हाताने फिरवताना नट अडखळत असेल किंवा फिरून फिरून आवळतच नसेल तर बोल्ट-नट बदला. अगदी थोड्या पैशांत काम होतं.

८. दांडा खुणेपर्यंत बसवा. दांड्यावर कमाल उंचीची रेषा असते, ती बाहेर दिसता कामा नये. रेषा नसेल तर किमान अडीच-तीन इंच दांडा नळीच्या आत राहिलाच पाहिजे. कमी राहिला तर तो वाकतो किंवा फ्रेमला तडा जातो.

९. सीट सरळ करून बोल्ट आवळा. पकड वापरू नका, नटाचे कोपरे झिजतात. पान्यावर उभं राहू नका किंवा लांब पाइप लावू नका, आटे जातात. एका हाताच्या जोराने घट्ट बसला म्हणजे पुरे. मग सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे वळवून पाहा. हलली नाही की एक फेरी मारा आणि खूण जागेवर आहे का ते तपासा.

सीट खाली न जाता तिचं नाक वर-खाली होत असेल, तर तो वेगळा दोष. त्याचे नट सीटच्या अगदी खाली असतात आणि तिथले दाते झिजलेले असू शकतात.

या एका कृतीत घर्षण आहे, पाना म्हणजे तरफ आहे, मापन आहे. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी पायरी. सैल करा, बाहेर काढा आणि पाहा. जे घसरतंय त्याच्यावर नुसता जोर वाढवून उपयोग नसतो. का घसरतंय ते शोधावं लागतं. हीच पद्धत लक्ष्मणरावांच्या पुढच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसते.

कडबा कापण्याचं यंत्र आणि लोखंडी नांगर

दुकान चालू होतं, पण लक्ष्मणरावांचं लक्ष आजूबाजूच्या शेतीकडे होतं. गावोगावी शेतकरी होते आणि त्यांची अवजारं पिढ्यान्‌पिढ्या तीच होती. त्यांनी आधी कडबा कापण्याचं यंत्र तयार केलं. मग लोखंडी नांगराकडे वळले. विलायती नांगर तेव्हा येत होते, पण आपल्या शेतकऱ्याला परवडेल आणि आपल्याकडे दुरुस्त होईल असा नांगर इथेच करायचा, हा विचार होता.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत नांगर तयार झाला. पण विकला जाईना. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं, पीक जळतं, अशी लोकांची समजूत होती. सुमारे दोन वर्षं नांगर तसेच पडून होते. घरात खाणारी तोंडं, हातात पैसा नाही आणि अंगणात न विकलेलं लोखंड. त्या घराची अवस्था काय झाली असेल?

अशा वेळी माणूस दोन गोष्टी करतो. एक तर धंदा गुंडाळतो, नाहीतर गिऱ्हाइकाला अडाणी ठरवून चिडत बसतो. लक्ष्मणरावांनी यातलं काहीच केलं नाही. शेतकऱ्याची शंका आणि तक्रार दोन्ही ऐकल्या. नांगर प्रत्यक्ष शेतात चालवून दाखवणं, तक्रार आली की त्यात सुधारणा करणं, हे चालू ठेवलं. हळूहळू विश्वास बसला आणि नांगर विकला जाऊ लागला. पुढे तोच लोखंडी नांगर किर्लोस्करांची ओळख झाला.

शिक्षकांसाठी यात एक गोष्ट आहे. पोरगं गणितात मागे पडतं तेव्हा आपणही बऱ्याचदा बोल्टच आवळतो. जास्त गृहपाठ, जास्त शिकवणी, जास्त ओरडा. कुठे घसरतंय हे काढून पाहत नाही. कधी हातचा कळलेला नसतो, कधी फळ्यावरचं दिसत नसतं, कधी घरी काही वेगळंच चालू असतं. रंग न ओळखणाऱ्या विद्यार्थ्याला रंगच रंगवायला लावले असते तर त्याचं काय झालं असतं, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हरकत नाही.

माळरानावरची वाडी

नांगराचं काम वाढत होतं तेवढ्यात नवं संकट आलं. कारखान्याची जागा बेळगाव नगरपालिकेला गावाच्या विस्तारासाठी हवी होती. जागा सोडावी लागणार होती. जमलेला पसारा, कामगार, यंत्रं घेऊन जायचं कुठे?

मदतीला आले औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. लक्ष्मणरावांनी औंधमध्ये बांधकामाचं काम घेतलं होतं, त्यातून त्यांचा परिचय होता. बाळासाहेबांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जागा देऊ केली आणि दहा हजार रुपयांचं कर्जही दिलं. जागा म्हणजे काय होती? ओसाड माळ. निवडुंगाची रानं, दगडधोंडे आणि साप. पाण्याची टंचाई.

१० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. भारतातल्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींमध्ये तिची गणना होते. आधी निवडुंग तोडला, मग राहण्यापुरती घरं उभी केली, मग कारखाना. सोबतच्या माणसांत शंभूराव जांभेकर होते, ज्यांनी ओतकामाची आणि यंत्रांची बाजू सांभाळली. मंगेशराव रेगे हिशेब पाहायचे. रामुअण्णांनी वसाहतीची व्यवस्था पाहिली. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि या सगळ्यांच्या घरच्या स्त्रियांनी त्या माळावर संसार मांडले. कारखान्याच्या इतिहासात त्यांचा उल्लेख कमी असतो, आपण वर्गात तो करावा.

आज हे ठिकाण सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. कुंडल रोड स्थानकाचं नाव बदलून किर्लोस्करवाडी झालं. मिरज-पुणे मार्गावरून जाताना मुलांना ती पाटी जरूर दाखवा.

महायुद्ध आणि टंचाई

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशातून येणारं लोखंड, कोक, रंग, सगळंच दुर्मिळ झालं. गंमत पाहा, विलायती नांगर येणं थांबल्यामुळे किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली आणि नेमका तेव्हाच कच्चा माल मिळेना. हातात मागणी आणि भट्टीत लोखंड नाही!

पुन्हा तीच पद्धत. नेमकं काय कमी आहे आणि त्याजागी काय चालेल? कोकऐवजी लोणारी कोळशाचे प्रयोग झाले. रंग स्वतः तयार करण्याची खटपट झाली. लोखंडासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या, निकामी तोफा मिळाल्या. त्या तोफा वितळवून त्यांचे नांगर झाले. पाचवी-सहावीच्या मुलांना हा प्रसंग सांगून पाहा. त्यांचे डोळे कसे मोठे होतात ते तुम्हीच पाहा.

पुढच्या काळात वाडीत उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रं, पंप, लोखंडी फर्निचर अशा अनेक वस्तू तयार होऊ लागल्या. शेतकऱ्याच्या गरजेची वस्तू, आणि गावात दुरुस्त करता येईल अशी, हे सूत्र त्यामागे होतं.

माणसं घडवणारा कारखाना

किर्लोस्करवाडीची आणखी एक बाजू सांगितल्याशिवाय हे चरित्र पूर्ण होत नाही. लक्ष्मणरावांनी वाडीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. तो काळ कोणता होता हे लक्षात घ्या. ज्यांच्यावर समाजाने गुन्हेगार म्हणून शिक्का मारला होता अशा माणसांनाही त्यांनी काम दिलं, इतकंच नव्हे तर पहाऱ्याची जबाबदारी दिली. शाळेत फारसं न शिकलेली खेड्यातली मुलं इथे ओतकाम, जोडकाम, सुतारकाम शिकली आणि कसबी कारागीर झाली. माणसाकडे पाहताना त्याच्यात काय कमी आहे यापेक्षा तो काय करू शकतो हे त्यांनी पाहिलं. स्वतः त्या अनुभवातून गेलेला माणूस होता ना तो.

१९२० साली वाडीतूनच 'किर्लोस्कर' मासिकाची सुरुवात झाली. पुतणे शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. सुरुवातीला कारखान्याची खबरबात देणारं हे पत्र पुढे महाराष्ट्रातलं एक महत्त्वाचं मासिक झालं. त्यातूनच १९३०मध्ये 'स्त्री' आणि नंतर 'मनोहर' ही मासिकं आली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीत यंत्रशास्त्र शिकून आले आणि त्यांनी या उद्योगाचा मोठा विस्तार केला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. १९६९मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

चरित्र सांगून झालं की शेवटी मुलं विचारतात, बाई, आम्ही काय करायचं? त्यांना कारखाना काढा असं सांगून उपयोग नाही. पाना हातात द्या. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना आहे, आपल्याकडे आनंददायी शनिवारही असतो. त्यातला एक शनिवार सायकलसाठी ठेवा.

आमच्याकडे आम्ही चार-चार मुलांचे गट करतो. प्रत्येक गटाला एक सायकल. आधी दोष वहीत लिहायचा, मग कारण काय असेल याचा अंदाज लिहायचा आणि मगच पाना उचलायचा. अंदाज चुकला तरी खोडायचा नाही, त्याखाली खरं कारण लिहायचं. गटात मुली हव्यातच, आणि पाना आधी त्यांच्या हातात द्यायचा. नाहीतर मुलगे काम करतात आणि मुली कापड धरून उभ्या राहतात. गावातल्या सायकल दुरुस्ती करणाऱ्या काकांना पाहुणे म्हणून बोलवा. ज्यांना कुणी कधी शाळेच्या व्यासपीठावर बोलावलं नाही, त्यांच्याकडे किती ज्ञान असतं ते मुलांनाही कळेल आणि आपल्यालाही.

पालकांनो, तुमच्यासाठी एकच विनंती. मूल घड्याळ, टॉर्च किंवा सायकल उघडून बसलं की लगेच हिसकावून घेऊ नका. वीज जोडलेली नाही ना, धारदार काही नाही ना, एवढं पाहा आणि शेजारी बसा. सुटे भाग ठेवायला एक ताटली द्या. जोडताना एखादा स्क्रू उरला तर उरू द्या. तो कुठला हे शोधण्यातच त्याचं शिक्षण आहे.

२० जून हा लक्ष्मणरावांचा जन्मदिवस. शाळा तेव्हा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, पावसाळा तोंडावर असतो आणि उन्हाळाभर कोपऱ्यात पडलेल्या सायकली बाहेर निघतात. त्या आठवड्यात तुमच्या वर्गातल्या सगळ्या सायकलींच्या सीट एकदा बाहेर काढून, पुसून, मोजून पुन्हा बसवून घ्या. आणि कुणाची सीट नेमकी कशामुळे घसरत होती याची यादी फळ्यावर लावा. यादी पाहून मुलंच पुढचे प्रश्न विचारतील.